लेलंडचा गुडघा

"ओरेगॉनला आता माझ्याकडून कराची कवडी मिळायची नाही!" ऑर्विल भेटेल त्याला छाती ठोकून सांगायचा. पठ्ठ्याने तिथलं घर विकलं, मतदार यादीतून नाव काढलं, आयकर न घेणाऱ्या साउथ डकोटात एक रात्र मुक्काम ठोकून तिथला रहिवासी झाला आणि थेट मेक्सिकोतल्या तळ्याकाठी येऊन राहिला. राज्याचा कर सुटला! राहिला आरोग्यविमा. अमेरिकेचा सरकारी विमा सरहद्दीपाशीच थांबतो. इथला मिळाला नाही, तर गाशा गुंडाळून पुन्हा ओरेगॉनात, मुलीकडे.

पण ऑर्विलचा जीव जळत होता तो शेजारच्या लेलंडवर. लेलंडचा एक गुडघा दुखायचा. तेवढ्या भांडवलावर समोरची नोरीन त्याला रोज सूप नेऊन द्यायची! बायको, एडना, गेल्यापासून ऑर्विलला "कसं वाटतंय?" असं कुणी विचारलं नव्हतं.

"माझे तर दोन्ही गुडघे गेलेत," त्याने नोरीनला सांगितलं. सूप आलं! लेलंडची कंबर धरली, तेव्हा ऑर्विलने हृदय काढलं. लेलंड नुसता खोकला, तर याने दोन्ही फुप्फुसं निकालात काढली. वास्तविक गडी बैलासारखा धडधाकट!

"विम्याचा अर्ज भरलात का?" नोरीनने विचारलं.

"स्पॅनिशमध्ये आहे हो."

"आणा इकडे!" शाळेच्या कचेरीत तीस वर्षं काढलेली बाई ती. तिने एकही रकाना रिकामा सोडला नाही. ती इतकी जवळ बसली होती की ऑर्विलने न वाचताच सही ठोकली.

कंपनीचं उत्तर नोरीननेच वाचलं. "गुडघे, हृदय, फुप्फुसं विम्यातून वगळलीत. मणका, पोट, डोळेही."

"मग उरलं काय?"

"कान. तोही डावाच."

"अहो, सगळं खोटं होतं! मला काही म्हणजे काही झालेलं नाही!"

"मग सांगितलंत कशाला?"

"त्या लेलंडला सूप मिळायचं ना..."

नोरीनने खरं ते कंपनीला कळवलं. आठवड्यात उत्तर आलं: आजार कायम. शिवाय अर्जदाराला ते आठवत नाहीत, सबब विस्मरणाची नोंद घेऊन अर्ज नामंजूर.

"तरीच!" नोरीनचे डोळे भरून आले. "त्या दिवशी म्हणालात, मला काहीच झालेलं नाही! अशा अवस्थेत एकटं राहायचं नसतं." तिने स्वतः मुलीला फोन केला, स्वतः तिकीट काढलं.

विमानतळावर लेलंडने आपल्या गाडीतून सोडलं. नोरीन पुढे बसली, ऑर्विल मागे, बॅगांच्या मध्ये. उतरताना लेलंडने त्याचा हात हातात घेतला आणि बहिऱ्याशी बोलावं तसं डाव्या कानाशी ओरडला, "निवांत जा, ऑर्विल! इथलं सगळं मी बघतो!"