कापणीची रिहर्सल

दिगंबरने त्या दिवशी आळस केला नसता आणि मळवलीला जाऊन भिमाजीला तोंडानं दोन शब्द सांगितले असते, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण तळेगावच्या स्टेशनापर्यंत चालायचं त्याच्या जिवावर आलं आणि त्यानं आपलं एक कार्ड टाकून दिलं: 'रा. रा. भिमाजीभाऊ यांस, रविवारी सकाळच्या गाडीने येतो. तुमच्या मोठ्या खाचरात भातकापणीला तीस-चाळीस माणसं विळे घेऊन हजर ठेवावीत. दुपारचं जेवण सर्वांना माझ्यातर्फे.' हे शेवटचं वाक्य लिहून तो स्वतःवरच खूश झाला होता. (तो स्वतःवर फार लवकर खूश होत असे.)

साल एकेचाळीस. आपला दिगंबर मुंबईच्या एका संस्थेत सिनेमा आणि ध्वनिक्षेपण शिकत होता. दोन वर्षांचा कोर्स. त्याचे वडील माधवराव तळेगावात मास्तर. "चिरंजीव काय करतात?" असं कोणी विचारलं की माधवराव "शिकतोय," एवढंच म्हणत आणि लगेच स्वतःच्या खोकल्याचा विषय काढत. त्यातून सुट्टीत घरी आला की दिगंबर ध्वनिक्षेपणाची प्रॅक्टिस करी. पितळी फुलपात्र तोंडासमोर धरून तो जेवणाअखेर खर्जात म्हणायचा, "इतकं ऐकवून आम्ही श्रोत्यांची रजा घेतो."

"रजा घे," माधवराव म्हणत, "पण आधी ताट उचल."

माधवरावांनी एक अट घातली होती. पहिल्या वर्षाच्या परीक्षेला 'सुगी' या विषयावर चार मिनिटांचा चित्रपट करायचा होता. तो पसंत पडून पुढच्या वर्गात जागा मिळाली तर ठीक, नाहीतर लोणावळ्याला मालधक्क्यावर कारकुनी. त्यांनी तिथे शब्द टाकून ठेवला होता आणि पोराच्या मापाचा काळा कोटही शिवून घेतला होता. तो कोट खुंटीवर दिसला की दिगंबर पाठ फिरवून बसे. त्याला खरोखरच सिनेमा शिकायचा होता हो! जगात दुसरं काही करावंसं त्याला वाटतच नव्हतं.

लढाईमुळे फिल्म दुर्मीळ झालेली. संस्थेनं प्रत्येकाला किल्ली द्यायचा एक लहानसा कॅमेरा दोन दिवसांपुरता आणि एकच रीळ दिलं होतं. त्या रिळावर चार मिनिटांचंच चित्र मावे. हात चुकला तर दुसरं रीळ नाही. म्हणून प्रोफेसरांनी बजावलं होतं की फिल्म खर्ची घालण्याआधी तीन-तीनदा रिहर्सल करा, कॅमेऱ्याच्या भोकातून बघताना बाहेरच्या जगाकडे ढुंकूनही पाहू नका, आणि नटमंडळींना दुपारी जेवू घाला. दिगंबरनं तिन्ही आज्ञा मनोभावे पाळल्या, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

रविवारी तो खाचराच्या बांधावर पोचला तेव्हा त्याला गहिवरूनच आलं. पिवळंधमक भात, मागे लोहगड, आणि विळे घेऊन उभी अख्खी वाडी! एवढंच काय, भिमाजीच्या अंगणात चुलाणं पेटलेलं आणि त्याची बायको झुंबरबाई हंड्यात आमटी ढवळत होती. भिमाजी लहानपणी माधवरावांच्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेला. मास्तरांच्या लेकाचा शब्द तो खाली पडू देणार नव्हता.

"भिमाजीभाऊ," दिगंबर म्हणाला, "आधी रिहर्सल करू. म्हणजे नुसतं करून दाखवायचं. खरं नंतर."

"नुस्तं म्हंजी?"

"म्हणजे कापल्यासारखं करायचं."

भिमाजीनं मागे वळून मंडळींकडे बघितलं. मंडळींनी भिमाजीकडे बघितलं. इळा भाताला लावायचा आणि कापायचं नाही, हा प्रकार मावळात आजवर कोणी केला नव्हता.

"न्हाई, पन इळा लावला की त्ये कापलं जानारच की वं," भिमाजी म्हणाला.

"बरं, कापा थोडं थोडं!" दिगंबरनं उदार मनानं परवानगी दिली आणि कॅमेऱ्याला डोळा लावला.

त्या भोकातून त्याला जे दिसलं ते अप्रतिम होतं. ओणवलेल्या पाठी, सपासप चालणारे विळे, पेंढ्या. एका कोपऱ्यातलं पाहून झालं की तो दुसऱ्या कोपऱ्याकडे सरके. "वा! मावशी, जरा डावीकडे! आबा, घाम पुसा! छान!" कळ दाबायचा मोह त्यानं महत्प्रयासानं आवरला. पहिली रिहर्सल झाली, दुसरी झाली. बाहेरच्या जगाकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. (प्रोफेसरांनी पाहायला हवं होतं, असा आज्ञाधारक विद्यार्थी!) तिसरी रिहर्सल संपल्यावर त्यानं डोळा काढला, कपाळ पुसलं आणि ओरडला, "चला, आता खरं!"

समोर भात नव्हतं. पार दूर ओढ्यापर्यंत नुसती धसकटं, आणि त्यात मंडळी कंबरेला हात लावून समाधानानं उभी.

"झालं दादा," भिमाजी म्हणाला. "एक काडी ठिवली न्हाई."

"अहो पण... सगळं कशाला कापलंत?"

"आता काय म्हनावं! तुमीच लिव्हलंय न्हवं कार्डात? मान्सं बोलवा, जेवान माझं. ह्येला आमच्यात इर्जिक म्हन्त्यात. इर्जिकाला आलेला गडी श्यात पुरं केल्याबिगर जेवाया बसत न्हाई. मंडळींना भुका लागल्यात, म्हून जरा हात उचलून कापलं."

इर्जिक दिगंबरला ठाऊक होतं. गावानं मिळून एकाचं काम उरकायचं आणि ज्यानं बोलावलं त्यानं जेवू घालायचं. फक्त आपण स्वतः ते घातलंय, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढे काळा कोट येऊन उभा राहिला.

"आपण असं करू," तो काकुळतीला येऊन म्हणाला, "पेंढ्या पुन्हा धसकटांत उभ्या करू आणि पुन्हा कापू."

हे ऐकून सत्तरीच्या बयाबाई पुढे आल्या. "कापल्याली लक्षुमी परत उबी करायची, आन् तिला परत इळा लावायचा? मास्तरांनी ह्येच शिकीवलं व्हय रं तुला?"

लोहगडाकडे ऊन उतरू लागलं होतं, उद्या कॅमेरा परत द्यायचा होता. निदान सुगीचं जेवण तरी टिपू, म्हणून दिगंबरनं किल्ली दिली. मंडळी धसकटांतच पंगत धरून बसली. पत्रावळींवर भात पडला, पण कोणी हात लावीना.

"काय झालं?"

"इर्जिक ज्येनं घातलं त्येनं वाढायचं," बयाबाई म्हणाल्या. "तुज्या हातची आमटी पडल्याबिगर कुनी घास उचलनार न्हाई."

"अहो, मग चित्र कोण घेणार?"

"द्या हिकडं," झुंबरबाई पदर खोचत म्हणाली. "काय करायचं आसतंय?"

"हे बघा मावशी, इथून बघायचं. ही कळ दाबायची. थांबलं की किल्ली द्यायची. आणि हलायचं नाही हो!"

झुंबरबाईनं कॅमेरा डोळ्याला लावला. डोक्यावर दोन हंडे घेऊन ती रोज बांधावरून चालत असे. ती कसली हलतेय!

दिगंबरनं रिवाजाप्रमाणे वहाणा काढल्या, आमटीची बादली उचलली आणि पहिलं पाऊल टाकलं. ताज्या कापलेल्या भाताच्या धसकटांत तुम्ही अनवाणी चालला आहात का? वाडीकरांच्या तळव्यांना त्याचं काही नव्हतं. दिगंबर मात्र "आई गं!" करून डावा पाय उचली, "अगं बाई!" करून उजवा उचली, आणि दोन्ही एकदम उचलता येत नाहीत याचं त्याला फार वाईट वाटे. आमटी पत्रावळीत कमी आणि लोकांच्या मुंडाशांवर जास्त पडली. म्हाताऱ्या अंबाजीच्या तर ती कानात गेली. पंगत हसून हसून आडवी झाली, आणि शेजारून, तसूभरही न हलता, झुंबरबाई कळ दाबीत चालली होती. रीळ संपलं तेव्हाच ती थांबली.

कॅमेऱ्याबरोबरच्या कागदावर दिगंबरनं 'छायालेखन: झुंबरबाई, मळवली' असं प्रामाणिकपणे लिहिलं आणि घरी जाऊन काळ्या कोटाची बटणं मोजत बसला.

तीन आठवड्यांनी संस्थेचं पत्र आलं. माधवरावांनी ते चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. "'चित्रपट पसंत. छायालेखन फारच उत्कृष्ट, असा स्थिर हात आमच्या संस्थेत अद्याप आलेला नाही. ग्रामस्थांचा अभिनय सहजसुंदर. अपवाद फक्त आमटी वाढणाऱ्या तरुणाचा. हा नट अतोनात अतिशयोक्ती करतो. आमटी वाढताना कोणीही असा नाचत नाही. त्यास पुन्हा घेऊ नये. दुसऱ्या वर्गात एकच जागा शिल्लक असून ती आम्ही श्रीमती झुंबरबाई यांस देत आहोत. त्यांनी नाकारल्यासच चि. दिगंबर यांचा विचार करू.'"

माधवरावांनी पत्राची घडी घातली. "चल मळवलीला," ते म्हणाले.

त्या दिवशी दिगंबरला स्टेशनापर्यंत चालायचा कंटाळा आला नाही.

झुंबरबाई खळ्यावर भात झोडत होती. माधवरावांनी तिला सगळं पत्र नीट समजावून सांगितलं. मुंबई, एक वर्ष, सिनेमा. दिगंबर खळ्याच्या कडेला उभा होता. त्याचं अख्खं आयुष्य त्या बाईच्या तोंडातून काय बाहेर पडतं यावर लटकलेलं.

झुंबरबाईनं पेंढी खाली ठेवली, कपाळावरचा घाम पुसला आणि क्षणभर खरोखरच विचार केला.

"न्हाई वं मास्तर," ती म्हणाली. "मला कुटं येळ? झोडनी हाय, मग मळनी हाय, गुरं हाईत. तितं आपलं दिगूदादालाच धाडा. त्येंला तसंबी हितं काय काम न्हाई."

"अगदी खरं आहे," माधवराव म्हणाले, आणि दिगंबर पुढच्या वर्गात गेला.