जागा सोडा

वामनभाऊ माणसांना अरेतुरे करतात आणि जनावरांना अहोजाहो. साठी ओलांडलेल्या मला, "काऊन बे, कुठं निंगाला?" आणि गल्लीतल्या म्हशीला मात्र, "बाई, मान जराशी वर घ्या न. हां, उपकार झाले."

वामनभाऊ निवृत्त कंडक्टर. खामगावहून सुटणाऱ्या गाड्यांमध्ये 'पुढं सरका, जागा नाही' असं ओरडण्यात त्यांची उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर रंगपेटी आणली ती फक्त जनावरांसाठी. माणसं का काढत नाही, असं मी एकदा विचारलं.

"पाह्यली न बे जिंदगीभर! तेही एकावर एक उभी."

पांढऱ्या शेळीला ते पांढरा रंग लावत नाहीत, तेवढा कागद कोरा ठेवतात. "पांढरा रंग लावाचा नसते, जागा सोडा लागते," हे त्यांचं जलरंगाचं सगळं शास्त्र. जन्मभर लोकांना जागा नाकारणारा माणूस हे सांगतो तेव्हा मला हसू आवरत नाही.

त्यांच्या चित्रांची एक खोड आहे. बैल असो, कुत्रं असो, सगळे डावीकडे चौकटीबाहेर पाहतात. एका प्रदर्शनात कुणा जाणकाराने त्यात 'क्षितिजाची ओढ' शोधून काढली.

"ओढ कायची?" वामनभाऊ म्हणाले, "तिकडं आमची मंडळी पाला घेऊन उभी हाये."

ते अक्षरशः खरं होतं. कमलवहिनी हिरवा पाला उंच धरून उन्हात उभ्या राहायच्या, म्हणून जनावर हलत नसे. "आटपा न हो, हात भरून आला माहा," असं त्या करवादायच्या. चित्र झालं की डोकावून विचारायच्या, "याच्यात मी कुठं हावो?"

"तू चौकटीबाह्यर."

गेल्या वर्षी वहिनी वारल्या. रंगपेटी माळ्यावर गेली. या हिवाळ्यात ती खाली आली आणि वामनभाऊंनी वहिनींचीच शेळी काढली. तीही डावीकडे पाहणारी. पाला कोणी धरला, मी विचारलं.

"कोणीच नाही. त्या आपल्या तिकडंच पाहून राह्यल्या होत्या." त्या म्हणजे शेळी.

हेच चित्र गावातल्या प्रदर्शनात लागलं. त्याच्या डावीकडे भिंत रिकामी दिसली, म्हणून आयोजक कुणाचा तरी सूर्यास्त घेऊन आले. वामनभाऊ दोन्ही हात पसरून आडवे आले.

"इथं काही लावाचं नाही."

"अहो, दुसऱ्यांनाही जागा द्यायला हवी ना?"

"मंग माहं चित्र काढून घेतो," म्हणत ते खरंच खिळ्यावरून चित्र उतरवू लागले. लोक जमले. मला लाज वाटली. मी मध्यस्थी करायला त्या रिकाम्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि म्हणालो, "भाऊ, एवढ्या गर्दीत कोरी भिंत कशाला अडवता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते माझ्या खांद्यामागे पाहत होते. शेळीही तिथेच पाहत होती.

"सांगतलं न," ते हळूच म्हणाले, "जागा सोडा लागते."

आयोजकांनी सूर्यास्त मुकाट्याने दुसऱ्या भिंतीकडे नेला. मी मात्र तसाच उभा होतो. मग वामनभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा मला अहोजाहो केलं.

"जरा बाजूले सरकता का?"

मी सरकलो.