दहाव्या माशाची मागणी

तळं खोदायचं असं निकालीकाकांनी ज्या रविवारी ठरवलं, त्या रविवारी ते खरं म्हणजे गाजरांना पाणी घालत होते. सलग सातवा महिना.

शेत खरं नव्हतं. ते बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर होतं. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाताना लेकीनं हा शेतीचा गेम बसवून दिला होता, कारण फोनवरचं बापलेकीचं बोलणं ठरलेलं असायचं. "जेवलीस?" "हो." "बरं, आईला देतो." (यात पावसाळ्यात "छत्री आहे ना?" एवढी भर पडायची.) शेवटी लेकच म्हणाली, की त्यापेक्षा रविवारी सकाळी दहा ते बारा आपण तिघं शेतात भेटू. ती तिच्या खोलीतून, हे दोघं सोफ्यावरून, फोन स्पीकरवर. आणि गंमत म्हणजे ते जमलं. हातात काम असलं की माणसं बोलतात. दगड फोडता फोडता लेक ऑफिसातलं सांगायची, काका गाजरांवर झारी धरून ऐकायचे.

पण झारीच. तक्रार तीच होती. लेक समुद्रावर जायची, डोंगर पोखरायची. बायको कोंबड्या सांभाळायची आणि पेट्यांवर चिठ्ठ्या लावायची. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती, त्यामुळे चिठ्ठी नसलेली वस्तू तिला बघवत नसे. आणि काकांकडे पाणी. का, तर ते पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क होते म्हणून! (दिवसभर पाण्याच्या तक्रारी वाचलेल्या माणसाला घरी आल्यावर पुन्हा पाणीच, हा विनोद फक्त त्या दोघींना कळायचा.)

"मी तळं खोदतो," काका म्हणाले. "माशांचं."

"बाबा, तळं परवडत नाही," स्पीकरमधून लेक म्हणाली.

"का?"

"पाच घरं रुंद, पाच घरं लांब. पंचवीस गाजरांची जागा. त्यात तुम्ही एक मासा सोडणार, तो तिसऱ्या दिवशी एक वाटी अंडी देणार. त्यापेक्षा गाजरं बरी."

"गाजरं मीच बघतोय. मला विचार बरी आहेत का ते."

"अहो, खोदू दे गं त्यांना," बायको एकाच वाक्यात दोघांशी बोलली. "निदान झारी हलेल."

तळं झालं. काकांनी त्यात एक मासा सोडला, करड्या रंगाचा, चेहऱ्यानं त्यांच्या उपअभियंत्यासारखा. आणि दुसऱ्याच दिवशी तळ्यावर एक फुगा उगवला. फुग्यात कोळशाचं चित्र, म्हणजे माशाला कोळसा हवा होता.

या गेममधल्या तळ्याची रीत अशी होती, की मासे अधूनमधून काहीतरी मागायचे. दिलं तर एकानं वाढायचे, नाही दिलं तर होते तेवढेच राहायचे. दहा झाले की तळं भरलं, मग म्हणे सोनेरी अंडी मिळायची. आता हे ज्या माणसाच्या वाट्याला आलं, त्याला ऑफिसात 'निकालीकाका' म्हणतात ते उगाच नाही. एकोणतीस वर्षांत त्यांच्या टेबलावर एकही मागणी सात दिवसांच्या वर राहिली नव्हती. नळाला पाणी येवो न येवो, अर्ज निकाली निघायचा. काकांनी वही केली. क्रमांक, तारीख, मागणी, पूर्तता, शेरा.

कोळसा दिला. मध दिला. लोकर मागितली, लोकर दिली. (माशाला लोकर कशाला, असा प्रश्न काकांना पडला नाही. अर्जदाराला कारण विचारायचं नसतं.) बायकोच्या पेट्यांमधून वस्तू जात होत्या आणि दर वेळी संध्याकाळी चौकशी बसत होती.

"अहो, माझा लोण्याचा डबा?"

"मागणी क्रमांक सहा."

"मासे लोणी खातात?"

"मागतात. खातात की नाही हा त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे."

दर रविवारी वाद. लेक हिशेब मांडायची, काका वही उघडायचे. पण वाद व्हायचा तो खराखुरा, भांडल्यासारखा, पाऊण तास! छत्रीच्या पलीकडे लेक आपल्याशी एवढं बोलते हेच काकांना नवीन होतं. तळं सोडायचं नाही असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. सोनेरी अंडी एकदा तिच्यासमोर ठेवायची आणि म्हणायचं, बोल आता.

सहा महिन्यांत मासे नऊ झाले.

त्याच रविवारी लेक जरा चाचरत म्हणाली, "पुढच्या रविवारी सगळे वेळेवर बसा हं. चौथं कुणीतरी येणार आहे खेळायला. आणि आई, त्या पिवळ्या पेटीतला चंद्रशंख मला लागेल. त्याच्याशिवाय काही होणार नाही. कुणीही हात लावू नका."

"कुणीही म्हणजे मीच," काका म्हणाले.

"हो बाबा."

बायकोनं लगेच चिठ्ठी लावली: 'यांनी हात लावू नये.'

चंद्रशंख म्हणजे काय ते काकांना ठाऊक होतं. गेममध्ये लग्न ठरवायचं तर समोरच्याला तो द्यावा लागतो. समुद्रातल्या खडकांत तो गेममधल्या वर्षातून एकदाच सापडतो, आणि लेकीनं त्यासाठी तीन महिन्यांचे रविवार घालवले होते. तिचं गेममधल्या लोहारावर लक्ष आहे असा काकांचा समज होता. त्यांनी बापाच्या कर्तव्यानं लोहाराची माहितीही काढून ठेवली होती. स्वभाव शांत, घर स्वतःचं, मंगळवारी दुकान बंद. ठीक होतं. चौथं येणार ते लग्नाला येत असेल.

शनिवारी दुपारी बायको लॅबमध्ये होती. काकांनी सहज तळं बघितलं, आणि फुगा आलेला. मागणी क्रमांक नऊ.

फुग्यात चंद्रशंख होता.

काका उठले, पाणी प्यायले, परत आले. फुगा तिथंच. त्यांनी टीव्ही बंद करून चालू केला. फुगा होताच, आणि उपअभियंता काठाशी येऊन त्यांच्याकडे बघत होता.

सामान्य माणसानं टीव्ही बंदच ठेवला असता. पण सामान्य माणूस डेड स्टॉकचं रजिस्टर सांभाळत नाही. कुठल्याही कार्यालयात दोन प्रकारच्या वस्तू असतात. एक, वापरून संपणाऱ्या: शाई, टाचण्या, गोंद. त्या दिल्या की गेल्या. दोन, डेड स्टॉक: खुर्ची, कपाट, भिंतीवरचं घड्याळ. त्या दिल्या तरी काम झालं की परत जमा होतात. काकांनी विचार केला, कोळसा, लोणी, लोकर हा पहिला प्रकार झाला. शंख मात्र सरळसरळ डेड स्टॉक. मासा शंखाचं करणार काय? बघणार आणि परत देणार. आज दिला तर उद्या सकाळी पोच, सोनेरी अंडी आणि शंख, सगळं टेबलावर.

(हे त्यांना इतकं पटलं, की वहीत शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी आधीच लिहून टाकलं: 'परतीच्या बोलीवर'.)

दिला. गेममधला शेतकरी झोपला, उठला, गेमनं सगळं जसंच्या तसं साठवलं, आता माघार नव्हती. मासे दहा. काठावरच्या बादलीत काका वाकले. सोनेरी अंडी नव्हती. एक शेवाळाचा पुंजका होता.

शंख नव्हता.

पुढचा तास काकांनी स्वतःच्या तळ्यात गळ टाकून काढला. आतून शंखच येईल अशी आशा होती. आला उपअभियंता. मग दुसरा. तिसरा. दहाही मासे बाहेर निघाले तेव्हा काकांच्या लक्षात आलं, की शंख तर नाहीच, आता तळंही रिकामं झालं. घाईघाईनं त्यांनी सगळे परत सोडायला घेतले. गेमनं एकच घेतला आणि लिहून दाखवलं: 'नवीन तळ्याबद्दल अभिनंदन!' उरलेल्या नऊ माशांच्या पुढं एकच पर्याय होता, आणि काकांनी घाबरून बटण दाबलं तेव्हा त्यांच्या शेतकऱ्यानं त्यातला एक मासा कच्चा खाल्ला.

तेवढ्यात कुलूप वाजलं.

बायकोनं पर्स ठेवली, टीव्हीकडे बघितलं, पिवळी पेटी उघडलेली बघितली आणि मग काकांकडे बघितलं. लॅबमध्ये रिपोर्ट वाईट आला की ती पेशंटकडे असंच बघत असावी.

"दिलात?"

"परतीच्या बोलीवर."

"माशाला?"

"डेड स्टॉक आहे तो. नियमानं..."

"अहो!" ती सोफ्यावर बसली. "तुम्हाला कळतं का, तुम्ही काय केलंय?"

"लोहार थांबेल की गं एक वर्ष. गेममधलं वर्ष म्हणजे..."

"लोहार?" बायको म्हणाली. मग तिनं टीव्हीवरची पिवळी पेटी बंद केली. शेवटी म्हणाली, "तिला तुम्हीच सांगायचं. मी अजिबात मध्ये पडणार नाही." आणि कपडे बदलायला गेली.

रविवारी दहाला पाच मिनिटं असताना काका आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कंट्रोलर घेऊन बसले होते. रात्रीत त्यांनी मनात निवेदनाचे चार मसुदे केले होते. शेतात लेक आली. तिच्या मागून हिरव्या टोपीतला एक शेतकरी आला आणि काकांच्या गाजरांच्या वाफ्यात उभा राहिला.

"ए, वाफ्यातून बाहेर!" काका ओरडले.

"सॉरी काका," स्पीकरमधून पुरुषाचा आवाज आला आणि टोपी बाजूला झाली.

"हे कोण?"

"सांगते बाबा, एक मिनिट." लेक पेटीशी पोचली होती. पेटी उघडली. बंद केली. पुन्हा उघडली. "आई? शंख कुठंय?"

बायको खिडकीबाहेर बघत होती.

"त्याचं असं आहे," काका खाकरले, "की सदर वस्तू, मागणी क्रमांक नऊ अन्वये..."

"बाबा. तुम्ही माशांना दिलात?"

"परतीच्या..."

"बाबा!"

टीव्हीवर लेकीचा शेतकरी पेटीसमोर नुसता उभा राहिला. काकांना रागावलेली लेक चालली असती. ही नुसती उभी राहिलेली त्यांना बघवेना.

"मी परत शोधून देतो," ते म्हणाले. "तीन महिने लागू देत. झारी तुझी आई धरेल. लोहाराला मी समजावतो. माणूस समजूतदार आहे."

"लोहार कुठून आला मध्येच?" लेक म्हणाली, आणि तिच्या आवाजात रडू होतं की हसू ते कळेना. "बाबा, शंख मी याला देणार होते. हा हिरव्या टोपीवाला. गेममध्ये दिला असता आणि मग तुम्हाला सांगितलं असतं, की खरंही असंच आहे. फोनवर मला जमलं नसतं. आपलं फोनवर काय होतं ते माहितीये ना तुम्हाला."

काकांना माहीत होतं. कंट्रोलर त्यांच्या मांडीवर होता आणि त्यांचा शेतकरी स्वतःभोवती गोल फिरत होता.

"खरं म्हणजे... खरं?"

"खरं."

"तुला माहीत होतं?" काकांनी बायकोला विचारलं.

"चार महिने," बायको खिडकीबाहेर बघतच म्हणाली. "तिला स्वतः सांगायचं होतं. म्हणून तर चिठ्ठी लावली."

चार मसुद्यांपैकी एकही उपयोगाचा नव्हता. काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, घातला. मग सरळ म्हणाले, "चुकलं माझं. शंख नाही. पण तू आता सांगितलंस ना? मला कळलं. माझी हरकत नाही. म्हणजे हरकत नाही असं नाही, मला... मला बरं वाटलं. तू मला सांगितलंस याचं."

स्पीकरमध्ये कुणीतरी नाक ओढलं. बहुधा लेकीनं. (बायको नंतर म्हणाली, की टोपीवाल्यानं.)

"थँक यू काका," तो म्हणाला.

"करता काय तुम्ही?" काकांनी विचारलं. बाप म्हणून काहीतरी विचारायला हवं होतं.

"मत्स्यशेतीचा सल्लागार आहे. तळी बघतो. खरी."

काका सोफ्यावरून अर्धे उठले. "तळी?"

"हो. लोकांना खोदायची का, किती खोल, कुठला मासा, ते सांगतो."

"अगं, मग हे आधी नाही का सांगायचं!" काकांचा आवाज चढला. शंख, माफी, सगळं क्षणभर मागं पडलं. "आणि ही मला शिकवते परवडत नाही म्हणून! भेटला कुठं तुला?"

"त्याचं ऑफिस आमच्याच मजल्यावर आहे," लेक म्हणाली. "दर रविवारी तुमच्याशी तळ्यावरून भांडून मी वैतागले होते. म्हटलं एकदा जाणकाराला विचारून टाकू. एका सोमवारी सरळ जाऊन विचारलं."

काकांनी बायकोकडे बघितलं. आयुष्यात इतक्या विजयानं त्यांनी कुणाकडे बघितलं नव्हतं. "म्हणजे माझ्या तळ्यामुळं! ऐकलंस? तळं नसतं तर ही त्या दारात गेली असती का? आता सांगा मला, परवडलं की नाही?" आणि फोनकडे वाकून, जरा लाजत, "त्या पहिल्या दिवशी असं काय बोलले गं हे, की तुला एकदम आवडले?"

लेक हसायला लागली.

"त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं बाबा, तुमची वहीसुद्धा. आणि म्हणाला, 'तुमचे वडील साफ चुकतायत.'"

"मलाही तो तिथंच पटला," बायको म्हणाली.