गड म्हटला की चढायचा

दोन दगड एकावर एक दिसले की आमच्या वन्सं चढायला लागतात. जपानात, एदोगावातल्या आमच्या घरासमोर मुलांच्या बागेत एक कृत्रिम टेकाड आहे. वन्सं पहिल्यांदा राहायला आल्या त्या संध्याकाळी, चहा गार होतोय म्हणून मी गॅलरीतून डोकावले, तर त्या टेकाडाच्या माथ्यावर कमरेवर हात ठेवून उभ्या, आणि खाली बालवाडीतली पोरं शिस्तीत रांग लावून त्या कधी उतरतायत याची वाट बघतायत.

वन्सं म्हणजे शुभाताई, माझ्या नवऱ्याची, मंदारची, मोठी बहीण. त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेत माती आणि दगड तपासतात. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणतात, "वेळ कुठे होता? रविवारी गड असायचे." हे वेड माझ्या सासऱ्यांनी, अप्पांनी लावलेलं. पुण्यात दर रविवारी ते लेकीला घेऊन कुठला ना कुठला किल्ला चढायचे. मंदार तापाचं निमित्त करून घरी झोपायचा, आणि आजही त्याचं गडांविषयीचं मत तेच आहे.

त्यामुळे आम्ही क्रूझची सहल ठरवली आणि वन्सं "मीही येते" म्हणाल्या, तेव्हा त्यानं आधी बंदरांची नावं तपासली. जहाज एक दिवस ओकिनावाला थांबणार होतं. तिथे समुद्राकाठी एक जुना पडका किल्ला आहे हे त्याला कळेपर्यंत वन्संनी आमच्या लेकीसकट आम्हा चौघांची बसची तिकिटं काढलीही होती.

"ताई, जहाजावर पोहायचा तलाव आहे," मंदार केविलवाण्या आवाजात म्हणाला.

"पाणी न्हाणीघरातही असतं. गड म्हटला की चढायचा."

या वेळी त्यांच्या हट्टाला कारण होतं. अप्पा आता अंथरुणाला खिळलेत. पुण्याच्या घरी त्यांना सांभाळायला एक मावशी आहेत. अप्पा माणसं विसरत चाललेत. मंदारला ते 'डॉक्टर' म्हणतात, म्हणून तो फोन करायचं टाळतो. पण सकाळी नऊला, चहा झाला की थोडा वेळ त्यांचं डोकं स्वच्छ असतं. जपानात तेव्हा साडेबारा होतात. साडेबाराला तटावर उभं राहून अप्पांना गड दाखवायचा, एवढंच वन्संना हवं होतं. पुढच्या वर्षी दाखवू, असं म्हणण्याची सोय उरलेली नव्हती. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या सकाळी जहाजावर नाश्त्याला मंदारनं दुसऱ्यांदा पॅनकेक घेतले, तर वन्संनी त्याच्या पुढ्यातली ताटली उचलली. "जड पोटानं धाप लागते." आमची नऊ वर्षांची इरा जपानीत काहीतरी पुटपुटली. तिचं शाळेतलं जपानी मला अर्धंमुर्धंच कळतं. त्यातलं 'आत्या' आणि 'राक्षस' एवढं कळलं.

किल्ल्यापाशी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. वन्संनी रीतीप्रमाणे पहिल्या पायरीला हात लावून कपाळी नेला. तिकीटखिडकीतले आजोबा लगबगीनं बाहेर आले. बाईंची काँटॅक्ट लेन्स पडली असं त्यांना वाटलं, आणि तेही गुडघे टेकून पायरी न्याहाळू लागले. आत्या किल्ल्याला नमस्कार करतेय, असं इरानं त्यांना जपानीत सांगितलं. आजोबा उठले, टोपी काढली आणि तटासमोर छान कमरेत वाकले.

"बघ, शहाणा माणूस," वन्सं मंदारला म्हणाल्या.

समोर बाण काढलेली ठळक पाटी होती. वन्संनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. "मुख्य दरवाजा कधी समोर नसतो. दोन बुरुजांच्या आड लपवलेला असतो, शत्रूला दिसू नये म्हणून."

"ताई, आपण तिकीट काढलंय. आपण शत्रू नाही."

पण त्या तटाच्या कडेनं निघाल्यासुद्धा. सह्याद्रीत हे बरोबर असेल. इथे आम्ही वळसा घालून थेट उसाच्या शेतात उतरलो. शेतातल्या बाईंनी हसून, आलो त्याच वाटेकडे हात दाखवला. बारा वाजून गेले होते. वन्संचा चेहरा असा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी एकदा घड्याळ बघितलं आणि सरळ पळत सुटल्या. पंचावन्न वर्षांची बाई त्या उन्हात चढावर पळत होती. मंदारनं त्यांना गाठलं, त्यांच्या पाठीवरची सॅक काढून आपल्या खांद्यावर घेतली आणि तोही पळू लागला.

वर पोचलो तेव्हा साडेबाराला दोनच मिनिटं होती. वळणं घेत गेलेला पांढुरका तट आणि खाली हिरवानिळा समुद्र. मंदार आणि इरा गवतावर आडवे झाले. उन्हात फोनचा पडदा दिसेना, म्हणून मी छत्री धरून वन्संशेजारी उभी राहिले. कॅमेरा त्यांनी स्वतःकडे वळवलाच नाही, तटाकडे धरला.

"ताई, चहा झालाय. जागे आहेत," मावशींचा आवाज आला. मग त्यांनी फोन अप्पांसमोर धरला.

"चुना नाही वापरलेला," अप्पा म्हणाले. "नुसते दगड बसवलेत. छान बसवलेत."

"हो."

"बाई, तुम्ही वरती आहात का?"

"हो, वरतीच आहे."

"आमची शुभा दिसली का हो तिथे? एवढीशी आहे. थांब म्हटलं तरी पुढे पळते कार्टी."

माझ्या हातातली छत्री कलली. वन्संनी मान न वळवता हातानं ती सरळ केली.

"दिसली ना," त्या म्हणाल्या. "पोचली ती. पाणी पितेय."

"पडली-बिडली नाही ना कुठे?"

"नाही, नाही. तुम्ही सावकाश या. ती थांबलीय तुमच्यासाठी."