मशीनचं माहेर

दुकानात कुठलीही मशीन दाखवली की आमचे शेजारी वामनराव आधी विचारतात, "हिचं माहेर कोठचं आहे जी?" मिक्सर असो, पाण्याची मोटार असो, विक्रेता गडबडतो. मग वामनराव समजावून सांगतात, "म्हंजे हे बिमार पडली तं हिच्याकडून कोन धावून येईल, अन् किती दिवसांत?"

वामनराव उमरेडच्या कोळसा खाणीत पंपावर होते. खाणीतलं पाणी बाहेर काढण्यात जन्म गेला, आणि निवृत्त होऊन मनीषनगरात आले तर शेजारी आम्ही, घरामागे पाणी साठवून बसलेलो. तो पोहण्याचा तलाव आम्ही बांधला नाही, घराबरोबर आला. कमरेएवढं पाणी, बारा पावलांची लांबी. कित्येक वर्षं मी त्याच्या कठड्यावर चादरी वाळत घातल्या.

मग अरुणला, माझ्या नवऱ्याला, अर्धांगाचा झटका आला. उजवा पाय ओढत चालायचा, शब्द अडखळायचे. डॉक्टरांनी रोज पाण्यात चालायला सांगितलं. जमिनीवर चार पावलांत थकणारा अरुण पाण्यात कठडा धरून वीस फेऱ्या मारू लागला, आणि तलाव एकदम घरातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू झाला.

तलावाला एक मशीन होती. पाण्यात मीठ टाकायचं. ते खारट पाणी मशीनच्या नळीतल्या प्लेटांमधून जातं आणि विजेने त्यातून क्लोरीन तयार होतं. एप्रिलमध्ये ती बंद पडली. मी हाताने क्लोरीनची पावडर टाकून पाहिली. एक दिवस कमी, पाणी हिरवं. एक दिवस जास्त, अरुणच्या अंगावर लाल चट्टे. पाण्यात उतरणं थांबलं आणि दहा दिवसांत पाय पुन्हा जड पडला.

मी वामनरावांना बोलावलं. त्यांनी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं, आमटी चाखावी तसं. "मीठ बरोबर आहे," म्हणाले. मग प्लेटा काढून उजेडात धरल्या.

"हिले कोनं घासलं?"

"मी. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसला होता."

"कायनं?"

"तारेच्या घासणीने."

त्यांनी प्लेटा खाली ठेवल्या. "कढई समजली का जी? वरचा मुलामाच काढून टाकला तुमी. आता हे काई कामाची नाई. नवीन पाहा लागते."

कॉलेजच्या खरेदी विभागात मी वीस वर्षं काढली आहेत. तीन ठिकाणची माहिती मागवून मी तक्ता केला: क्षमता, हमी, किंमत. वामनरावांनी तो वाचला, खिशातून पेन काढलं आणि उजवीकडे एक रकाना आखला. वर लिहिलं, "माहेर".

पहिल्या दुकानातली मशीन मोबाइलवर चालायची. निळे दिवे, आतून गाणंही वाजत असावं अशी दिसायला. विक्रेता अभिमानाने म्हणाला, "काका, इम्पोर्टेड आहे."

"अन् प्लेट खराब झाली तं?"

"मागवून देऊ ना. दोन-तीन महिने."

"तोवर पान्यात का बेडूक पोसू?" वामनराव बाहेर पडले.

दुसरीकडची मशीन नेमकी आमच्या तलावाच्या मापाची होती. मला पसंत होती. वामनरावांनी मान हलवली. "मापाची नको. मे महिन्यात आपल्याकडे ऊन क्लोरीन खाऊन टाकते. हे दिवसभर पूर्ण ताकदीनं राबंल अन् दोन उन्हाळ्यांत झिजंल. दुपटीची घ्या, अन् अर्ध्यावर चालवा. खटल्याच्या घरात नाजूक पोरगी देऊ नये."

मी म्हटलं, "मुलींची लग्नं ठरवताना तरी कोणी एवढी चौकशी करतं का?"

"नाई करत जी. म्हनून तं मशीनची करून राहिलो."

त्यानंतर त्यांनी खरी परीक्षा घेतली. तिन्ही कंपन्यांच्या दुरुस्तीच्या नंबरांवर त्यांनी ऐन जेवणाच्या वेळेला फोन लावले. "मशीन घेतली नाई अजून," ते प्रत्येकाला सांगत. "फक्त कोनी उचलते का ते पाहून राहिलो." पहिल्या ठिकाणी संगीत वाजलं. दुसऱ्या ठिकाणी एका बाईने पिनकोड विचारून फोन ठेवला. तिसऱ्या ठिकाणी मेकॅनिकनेच उचलला, तोंडात घास होता. त्याने विचारलं, "काका, पानी बोअरचं आहे का नळाचं?"

वामनरावांनी फोन ठेवला. "हेच घ्या. त्या बाईनं माहा पत्ता इचारला, यानं पान्याचं इचारलं."

तरी दुकानात जाऊन त्यांनी सुटी प्लेट गोदामातून काढून दाखवायला लावली, मगच मला हो म्हणू दिलं. दुपटीची मशीन बसली. पाचव्या दिवशी तळाची फरशी स्वच्छ दिसू लागली आणि अरुण पाण्यात उतरला. महिन्याभरात पुन्हा वीस फेऱ्या. ह्या माणसाचे उपकार मी मोजत बसणार नाही, पण ते आहेत.

वामनराव मात्र रोज सकाळी साडेसहाला येत राहिले. मशीनवरचा मिठाचा आकडा मोठ्याने वाचत आणि अर्धा-पाऊण तास रेंगाळत. मला वाया जाणारा वेळ बघवत नाही, दुसऱ्याचाही. एक दिवस मी म्हटलं, "वामनराव, आकडा मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो. उगाच कशाला रोज त्रास?"

"बरं जी," ते म्हणाले, आणि यायचे थांबले.

दुसऱ्या आठवड्यात अरुणच्या फेऱ्या सोळावर आल्या, मग बारावर. मी मीठ तपासलं, पाय तपासला, डॉक्टरांना विचारलं. काही सापडेना. शेवटी अरुणलाच विचारलं. त्याने पाण्यातून हात काढून तलावाच्या काठाकडे बोट केलं आणि ते बोट काठाने हळूहळू पलीकडे नेलं.

"वामनराव," तो म्हणाला. बराच थांबून, "चालायचे."

मी ते खिडकीतून रोज पाहिलं होतं. वामनराव काठाने इकडून तिकडे जायचे, खाणीतल्या गोष्टी सांगत, अरुणच्या पावलाशी पाऊल जुळवून. अरुणचा शब्द अडला की उभे राहायचे आणि तो सापडेपर्यंत गप्प. मी समजत होते, पाइप तपासतात.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. बायको जाऊन सहा वर्षं झालेला हा माणूस इस्त्रीचा शर्ट, पायात बूट घालून खुर्चीत बसला होता. कुठे निघाले होते असं नाही. नुसतेच तयार होते.

"अरुण बारा फेऱ्यांवर थांबतो," मी म्हटलं.

"मीठ कमी झालं का जी?"

"मीठ बरोबर आहे. तुम्ही येत नाही."

"तुमीच तं म्हनलं, काई काम नाई म्हनून."

"म्हटलं. चुकलं माझं."

त्यांनी बुटाची नाडी पुन्हा बांधली, ती सुटलेली नसताना. "अरुणभाऊ उतरले का पान्यात?"

"नाही. काठावर बसलाय."

"मंग तुमी इथं बोलत काहून उभ्या आहा?" म्हणाले, आणि दार तसंच टाकून माझ्यापुढे निघाले. मी त्यांच्या दाराची कडी लावली आणि मागून गेले.