बॅलीमोरचं बारसं

पावणेबारा झाले. पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, फक्त आत्या यायची होती. परदेशातल्या हिल्सबरोच्या नव्या घरात देवयानी सव्वा महिन्याच्या लेकीला खांद्यावर थोपटत सारखी रस्त्याकडे बघत होती. या देशात नवऱ्याखेरीज तिला सासरचं माणूस म्हणजे नणंद सुमेधा, एवढी एकच. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा, आणि मुहूर्त बारापर्यंतचा.

तेवढ्यात फोन वाजला.

"वहिनी, मी बॅलीमोरला पोचून अर्धा तास झाला. सात नंबरच्या आजींनी चहा दिला, स्कोन दिला. पण त्यांच्याकडे बाळच नाही गं."

"कुठल्या बॅलीमोरला?"

"ते रापा गावातल्या."

देवयानीनं घड्याळाकडे पाहिलं. तिथून इथं यायला दीड तास. दक्षिणेकडून गाडी हाकत येणाऱ्या सुमेधाला नकाशानं वाटेतलंच बॅलीमोर दाखवलं होतं.

आमंत्रण देवयानीच्या वडिलांनी, नानासाहेबांनी लिहिलं होतं. 'सात, बॅलीमोर.' संपला पत्ता. "इतकं आडवंतिडवं रस्त्याचं नाव जगात दुसरं कुठं असणार?" म्हणत त्यांनी पुढचं गाळलं होतं.

"आजी आयरिश आहेत," सुमेधा स्पीकरवर सांगत होती. "त्यांच्यात बॅली म्हणजे गाव, मोर म्हणजे मोठं. तिकडे बॅलीमोरं ढिगानं आहेत म्हणे. बोटीनं आलेल्यांनी घरच्या आठवणीनं इथल्या रस्त्यांनाही तीच नावं दिली."

"आपल्या वडगावांसारखंच की," देवयानीच्या आई, मंदाकिनीबाई, नवऱ्याकडे बघत म्हणाल्या. "तालुक्याला एक. जन्म वडगावात गेला, तरी यांना सुचलं नाही."

नानासाहेब पंचांग चाळू लागले.

बाराला पाच कमी. देवयानीनं फोन लेकीच्या कानाशी धरला. "सुमेधा, सांग नाव."

"इतक्या लांबून येऊन फोनवर, वहिनी?"

"आवाज तुझाच आहे ना? सांग. मग आजींनाही घेऊन ये, घुगऱ्या ठेवते."

पलीकडून ओलसर "कुर्रर्र" आलं आणि पाठोपाठ हळूच, "इशिता." बाळानं डोळे मोठे केले.

आता आत्याच्या पाठीत गुद्दे घालायचे, तर पाठ ते रापात.

"आजींना सांग घालायला," देवयानी म्हणाली.

बराच वेळ इंग्रजीत समजावणं चाललं. "त्या विचारतायत, बिचारीनं केलंय काय? रस्ता चुकली म्हणून मारायचं?" मग धप्प. "वहिनी, हात भारी आहे गं यांचा. आता पुढचा नानांना. पत्ता त्यांनी लिहिलाय."

खोलीतल्या साऱ्या बायका वळल्या. नानासाहेबांनी पंचांग मिटलं, चष्मा काढून ठेवला आणि निमूट पाठ पुढे केली. मंदाकिनीबाईंनी पदर खोचला.

"शास्त्रापुरतं हं," ते म्हणाले.

"चाळीस वर्षांचं शास्त्र राहिलंय," मंदाकिनीबाई म्हणाल्या.