बिनसांध्याची वायर

पंढरीला लोंबकळणारी वस्तू बघवत नसे. शर्टाचं सुटू घातलेलं बटण असो की खिडकीबाहेर आलेला पडदा, त्याचा हात शिवशिवायलाच लागायचा. अशा माणसाच्या घरात टेलिफोनची वायर लोंबकळावी, याला नशीब म्हणतात!

वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर कुंभवलीतल्या त्या कौलारू घरात एकदाचा फोन आला. वायरमनने पुढच्या खोलीतून, स्वयंपाकघराच्या डोक्यावरून, मागच्या खोलीपर्यंत वायर अशी तिरकी ताणली, की दुसऱ्याच दिवशी त्याच्या बायकोने, वत्सलाने, तिच्यावर पोळ्यांचं फडकं वाळत घातलं. फोन खणखणीत चालत होता. पण नुसत्या चालण्यावर समाधान मानील तो पंढरी कसला! तारापूरच्या एका कंपनीत तो मीटरांच्या खात्यात होता. तिथं वायरी भिंतीलगत काटकोनात वळतात, आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे मध्ये सांधा चालत नाही. "वायरीला सांधा म्हणजे कामाला काळिमा," हे तो जेवतानासुद्धा सांगायचा. वत्सला तेव्हा त्याच्या वाटीत आमटी वाढायची.

फोन मागच्या खोलीत हवा होता, कारण तिथं त्याच्या आईची, राहीबाईंची, खाट होती. मोरीत घसरून पडल्यामुळे त्यांचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. त्यामुळेच त्यांच्या लेकीचं, जमनाचं, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ते बार्शीला सासरी झालं. म्हातारीने अजून नात पाहिलेली नव्हती. आज सव्वा महिना पुरा करून जमना पहिल्यांदाच उंबरा ओलांडणार होती, आणि तान्हीला घेऊन थेट एसटीडी बूथवर जाणार होती. पाच वाजता फोन यायचा होता. राहीबाई सकाळपासून वेणीफणी करून बसल्या होत्या, जणू नात फोनमधून त्यांना बघणारच होती.

आणि नेमकी आजच पंढरीने माळ्याला शिडी लावली.

"अहो, आज कशाला?" वत्सला म्हणाली. "चालत्या गाड्याला खीळ का घालताय?"

"पाचाच्या आत होतंय. आईने नातीचा आवाज ऐकायचा तो नीट वायरीवरूनच ऐकायचा."

"माळ्यावर माझी आंब्यांची आढी आहे. गवत जरा जरी हललं, तर गाठ माझ्याशी आहे, सांगून ठेवते."

पंढरीने जुनी वायर काढून मोजली आणि तेवढ्याच लांबीची नवी कोरी वायर बोईसरहून आणली. एक वीतसुद्धा जास्त घेतली नाही; फालतू वायर म्हणजे पुन्हा लोंबकळणं आलंच. मग तो माळ्यावर चढला. कोळिष्टकं खात, खोकत, पापडांच्या डब्याला ढोपर आपटत त्याने भिंतीलगत एकेक क्लिप ठोकली. आंब्यांच्या आढीला त्याने बायकोच्या भीतीने अदबीने वळसा घातला, तोही काटकोनात. काम असं देखणं झालं की ते बघायला माळ्यावर साहेब यावा, असं त्याला वाटून गेलं.

शेवटी तो मागच्या खोलीच्या वर, माळ्याच्या तोंडापाशी आला आणि वायर संपली.

तिरकी वायर जितक्यात पोचते, तितक्यात काटकोनात वळणारी पोचत नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. पण पंढरीचं सगळं ध्यान क्लिपांवर होतं! फोन जोडला तर तो माळ्याच्या तोंडातून जेमतेम खाली डोकावत होता. खाट राहिली कुठल्या कुठं. आणि पाचाच्या आत पुन्हा बोईसरला जाऊन यायला वेळ उरला नव्हता.

शेजारची पारू गंमत बघायला आलीच होती. "भाऊ, ती जुनी तार हाय ना? बांदा की तिला."

"सांधा? माझ्या घरात?" एकादशीला कुणी मटण वाढावं तसा पंढरीचा चेहरा झाला.

"मंग आता आजी बोलनार कशी?"

तेवढ्यात खाटेवरून राहीबाईंचा आवाज आला, "अरं पंढरी, फोन खाली येत नसंल तर मला वर घे."

"आई, तुमचा पाय!" वत्सला ओरडली.

"पायानं बोलायचंय व्हय? माझी नात हाय ती. मी माळ्यावर काय, कौलावर चढून बसंन!"

म्हातारीपुढे कुणाचं काय चालतंय! कुंभवलीत घरोघरी पाण्याला कंपनीतले निळे ड्रम. पारूचा नवरा, सुका, चार ड्रम लोळवत घेऊन आला. वत्सला, पारू, सुका आणि सुकाने हाक मारून आणलेले दोघे, अशांनी राहीबाईंसकट खाट उचलून ड्रमांवर ठेवली. ड्रम डगमगायला लागले, तेव्हा सुकाने पंढरीची शिडी उचलून खाली आडवी ठोकून बसवली. खाट एकदम घट्ट झाली. वर पंढरी पालथा पडून दोन्ही हातांनी फोन खाली धरून होता, आणि रिसीव्हर म्हातारीच्या कानाशी होता.

पाचाला घंटी वाजली.

"जमने! माझी बाय गं ती! बाळ कुठाय? तोंडाशी धर तिच्या."

पलीकडून बारीकसं रडणं सुरू झालं. राहीबाईंचे डोळे भरून आले. पंढरीलाही राहवेना. मामा झाला होता तोही! ऐकायला म्हणून त्याने मान खाली घातली, फोन निसटू नये म्हणून पकड घट्ट केली, आणि त्याचा अंगठा फोन बंद करणाऱ्या बटणावर दाबला गेला.

रडणं थांबलं.

"जमने? जमने?" म्हातारीने रिसीव्हर हलवून बघितला. मग वर बघितलं. "गेली रं," एवढंच ती म्हणाली.

आई ओरडली असती तर पंढरीने सोसलं असतं. हे त्याला सोसवेना.

"वत्सला, ती जुनी वायर फेक वर. आणि चिकटपट्टी."

"म्हणजे... सांधा?"

"फेक म्हणतो ना!"

त्याने फोन सोडवला आणि नव्या वायरीचं टोक दातांनी सोलायला घेतलं. तेवढ्यात जमनाने बार्शीहून पुन्हा नंबर फिरवला. फोन तर जोडलेलाच नव्हता, तो वाजणार कसा? रिंगची वीज थेट दातांत शिरली आणि पंढरी वाजला.

"आई गं! आली! रिंग आली!"

थोबाड चोळत त्याने दोन्ही वायरी पिळल्या, पट्टी गुंडाळली, दुसऱ्या टोकाला फोन जोडला, आणि तो झोके घेत म्हातारीच्या मांडीवर उतरला. उतरताच कसा ठणाणा वाजला! राहीबाईंनी रिसीव्हर झडप घालून उचलला.

"रडू दे, रडू दे तिला! गळा माझ्यावर गेलाय बग!" त्या हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या.

माळ्यातून खाली आलेली वायर मधोमध काळ्या पट्टीची गाठ मिरवत छान लोंबकळत होती. वत्सलाने तिच्याकडे एकवार पाहिलं आणि खांद्यावरचं ओलं फडकं तिच्यावर टाकलं. वरून पंढरी ते बघत होता.

"दादा व्हय? वर हाय," राहीबाई फोनमध्ये सांगत होत्या. "माळ्यावर गं! त्याची शिडी माझ्या खाटंखाली हाय, आन मी काय इतक्यात हलत न्हाय. तू बोल निवांत."